टाचेचा खळगा

दोऱ्याचा कारखाना बंद पडून अठरा वर्षं झाली, तरी गल्लीला ते फिटरकाका म्हणूनच माहीत होते. नाकासमोर चालणारा माणूस, कामाला वाघ. बोलायची वेळ आली की मात्र तोंडाला कुलूप. बायको त्याच कारखान्यात रिळं भरायची. लग्नानंतर कामावर जाताना पहिल्याच दिवशी तिने बजावलं होतं, "आत गेल्यावर ओळख दाखवायची नाही हं. बायका चिडवून जीव नकोसा करतील." काकांनी हे इतकं मनावर घेतलं, की तिचं यंत्र दुरुस्त करतानाही ते "बाई, जरा बाजूला व्हा" म्हणत. घरी आल्यावर ती पोट धरधरून हसायची.

तिची जागा चौथ्या खांबापाशी. रीळ भरलं की डाव्या टाचेवर गर्रकन वळायचं आणि ते मागच्या टोपलीत टाकायचं. चपलेला खिळे मारलेले. बावीस वर्षांत तिथल्या दगडी लादीत वाटीएवढा खळगा पडला. ती जाऊन सहा वर्षं झाली होती. तिचे फोटो चारदोन, तेही मान खाली घातलेले. तिची खरीखुरी खूण म्हणजे तो खळगा.

मग बंद कारखान्यांच्या त्या ओसाड भागाचे दिवस पालटायचं ठरलं. कारखाने पाडायचे नाहीत, जुनं जपून त्यातच वाचनालय, दुकानं, बसायच्या जागा करायच्या. आर्किटेक्ट बाई घरी आली, लेकीच्या वयाची. "काय काय जपायचं ते तुम्हीच सांगा, काका." काकांना आभाळ ठेंगणं झालं. आठ दिवस तिच्याबरोबर हिंडून त्यांनी यादी करून दिली. धुराडं, घड्याळ, पाण्याची टाकी, अगदी मोठ्या दाराची बिजागरीसुद्धा. चौथ्या खांबापाशी ते दोनदा थांबले, दोनदा घसा खाकरला आणि पुढे गेले. परक्या बाईपुढे आपल्या बायकोचं काय सांगायचं?

"आईची जागा सांगितलीत ना?" लेकीने विचारलं.

"दगड आहे तो. कुठे पळून जातोय?"

"बाबा, आता तरी तोंड उघडा हो!"

"उद्या सांगतो," म्हणाले. तो उद्या काही उगवला नाही. काम सुरू झालं, आत जायला मनाई झाली. फोन करता आला असता, केला नाही. अशा माणसाला काय म्हणावं!

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बाईने त्यांना मुद्दाम बोलावलं. सगळं जिथल्या तिथे होतं. घड्याळ चालत होतं, बिजागरी कुरकुरत नव्हती. काका खांब मोजत गेले. चौथ्यापाशी वाकून त्यांनी लादीवर हात फिरवला. कुठेच खोलगट लागेना.

"इथली लादी..."

"तीच आहे, काका! एकही दगड बाहेर टाकला नाही," बाई उत्साहाने म्हणाली. "झिजलेल्या ठिकाणी म्हातारी माणसं अडखळली असती, चाकाची खुर्ची अडकली असती. म्हणून तेवढ्या लाद्या उलट्या करून बसवल्या. ज्याच्या त्याच जागी."

बाईचं काय चुकलं? न सांगता तिला कळणार कसं? खळगा तिथेच होता, लादीच्या खालच्या अंगाला, चुन्याने भरून गेलेला. काकांच्या डोळ्यांतलं पाणी त्या लादीवर पडलं, ते त्यांनी तळव्याने पुसलं.

"काका, काय झालं?"

"इथे माझी बायको उभी राहायची. बावीस वर्षं."

बाईने पिशवीतून त्यांनी दिलेली यादी काढली. एक्केचाळीस गोष्टी होत्या. तिने बोट ठेवत ठेवत सगळ्या वाचल्या, मग हळूच विचारलं, "यात त्या कुठे आहेत?"

"नाहीत," काका म्हणाले. "मी इथे तिला कधी ओळखच दाखवली नाही, बाई."