न मुरगळलेला पाय

जितेश चढाईला निघाला की मुकुल माईकवर गप्प व्हायचा. तिथे शब्द लागत नसत. तो उंच, काटकुळा पोरगा मध्यरेषा ओलांडायचा, दोन पावलं डावीकडे टाकायचा, एक मागे घ्यायचा, आणि समोरचे सातही जण आपोआप मागे सरकायचे. महाडजवळच्या नाते गावापलीकडच्या एका गावच्या बौद्धवाडीतला तो. गावच्या मंडळाकडून खेळायचा. महाडपासून पोलादपूरपर्यंत कुठेही कबड्डीचे सामने असले की लोक विचारायचे, "तो लांबडा आलाय का?"

मुकुल महाडच्या शिक्षकाचा मुलगा. मराठी घेऊन बी.ए. झालेला. बोलणं चांगलं म्हणून सामन्यांचं समालोचन त्याच्याकडे आलं होतं. त्यातूनच जितेशशी मैत्री जमली. दोघेही बावीस-तेविशीचे.

अठ्ठ्याण्णव सालच्या एप्रिलमध्ये गावातच अंतिम सामना होता. मुंबईच्या एका कारखान्याच्या संघाचे निवडकर्ते येणार होते. ते जितेशसाठीच येताहेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. निवड म्हणजे नोकरी.

आदल्या दिवशी वाडीचा नळ आटला. जितेशची आजी धोंडूबाई हंडा घेऊन गावच्या विहिरीवर गेली. कठड्यावर मंडळाचेच दोन खेळाडू बसले होते. त्यांनी तिचा भरलेला हंडा ओतला आणि रिकामा तिच्या हातात दिला. "म्हातारे, तुजी विहीर ही नव्हं," एवढंच म्हणाले. मारलं नाही, शिवी दिली नाही. म्हातारी परत आली.

सामन्याच्या सकाळी जितेशने मंडळाचा अध्यक्ष मुरारी याला गाठलं आणि अट घातली. त्या दोघांनी त्याच विहिरीचा एक हंडा भरायचा आणि आजीच्या दारात नेऊन ठेवायचा. मग मी खेळतो.

मुरारीने समजूत घालायला मुकुलला पाठवलं.

"खेळ ना," मुकुल म्हणाला. "नोकरी लागली की तुझं वजन वाढेल. मग बोल त्यांच्याशी. मुरारीभाऊ म्हणतात, सामना झाल्यावर बघू."

"सामना झाल्यावर माजी गरज कुनाला हाय रे?"

मुकुल हातातल्या नावांच्या कागदाची घडी घालायला लागला.

"तेच दोघं माजा हात धरून साखळी करनार. पकड झाली की मिठी मारनार," जितेश म्हणाला. "मी चालतो त्यांना. माजी आजी चालत नाय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आनि आजीला यातलं काय बोलू नको. तिला वाटतंय मी खेळायला चाललोय."

दुपारी मैदान भरलं. जितेश आला. मंडळाची बनियन घालून आला आणि लोकांत, बांधावर मांडी घालून बसला. मुकुलने कागदावरचं त्याचं नाव पुकारलं. तीनदा पुकारलं. तो हलला नाही. निवडकर्त्यांपैकी एकाने घड्याळ बघितलं.

मुरारी मुकुलच्या कानाशी वाकला. "पाय मुरगळला म्हन."

"अहो, तो समोर बसलाय."

"बसलेल्या मानसाचा पाय कुनाला दिसतो? बोल लवकर. पब्लिक खवळेल."

मुकुल बोलला. "आपला लाडका चढाईपटू जितेश, पाय मुरगळल्यामुळे आज खेळू शकत नाही." आवाज छान लागला होता. भोंगे चार दिशांना बांधलेले होते. एक वाडीकडे तोंड करून होता.

जितेश उठला. त्याने चपला काढून ठेवल्या आणि मैदानाच्या कडेने धावायला लागला. एक फेरी. दुसरी. लोक शिट्ट्या मारायला लागले. "पाय बरा झाला वाटतं!" "आरं, नाटकी हाय तो!" तिसऱ्या फेरीला तो माईकच्या टेबलापाशी आला, थांबला, आणि त्याने मुकुलकडे बघितलं. त्याचा श्वास माईकमध्ये ऐकू येत होता. माईक चालू होता. एका वाक्याचं काम होतं.

मुकुलने संघाची सात नावं वाचली. सातवं नाव दुसऱ्याचं होतं.

गाव दोन गुणांनी जिंकलं. निवडकर्त्यांनी जितेशच्या नावापुढे 'जायबंदी' लिहिलं आणि ते संध्याकाळच्या गाडीला वीर स्टेशनवर गेले. पुढे जितेश मैदानात उतरला नाही. औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर लागला. आजही महाडच्या एस.टी. स्टँडवर कुणी सांगतं, चांगला खेळायचा पोरगा, पाय गेला त्याचा. मुकुल शेजारीच उभा असतो.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी तो वाडीवर गेला होता. जितेश अंगणात होता.

"कशाला आलास?"

"माफी मागायला. आजींचीसुद्धा."

"माजी माग. हितंच माग. आत नको."

"का?"

"तुजा आवाज आला हिकडं. घरी येऊन बघतो, तर ती तेल-हळद गरम करून वाट बघत बसलेली. तासभर पाय चोळला माजा."

"आणि तू चोळू दिलास?"

"मग काय सांगू? तुज्या हंड्यापायी नोकरी गेली म्हनून? हे कळलं तर ती परत त्या विहिरीची पायरी चढायची नाय. उद्या जानार हाय ती विहिरीवर. मी बरोबर जातोय."

आतून धोंडूबाईची हाक आली. "कोन हाय रे? माईकवाला काय? ये, आत ये." मुकुल आत गेला. कोपऱ्यात हंडा पालथा घातलेला होता. तेलाची वाटी चुलीशी होती.

"तूच सांग बाबा," ती म्हणाली. "हा मला खरं सांगत नाय. पाय कसा हाय ह्याचा?"

जितेश दारात उभा होता. मुकुलकडेच बघत होता.

"बरा आहे, आजी," मुकुल म्हणाला. "सूज उतरली आहे."