राजाची बुडालेली होडी

इकडे परदेशात, श्रूजबरीत मुलाच्या घरी जो येतो तो विचारतो, "काका, स्टॉकहोम कसं वाटलं?" मी सांगतो, काही वाटलं नाही. पाणी आहे, काठाला रंगवलेली घरं आहेत. एका कॉफीसाठी माणसं अर्धा तास रांगेत उभी राहतात आणि त्याला सुट्टी म्हणतात. मासळी वाढली ती गोड. गोड मासळी! आमच्याकडे मांजरानेही तोंड फिरवलं असतं.

माझा जन्म खाडीकाठी होड्या बांधण्यात गेला. शाळा चौथीपर्यंत. होड्यांचा माणूस म्हणून मुलाने हौसेने एका म्युझियममध्ये नेलं. आत कुठल्याशा राजाचं जहाज, घराएवढं उंच, अंगभर सिंह कोरलेले. मी एक फेरी मारली. बूड अरुंद, वर तोफांचे दोन मजले. म्हटलं, "हे बुडणारच."

"बाबा, प्लीज," मुलगा म्हणाला. "इथे तरी सुरू करू नका."

त्याचा राग जुना. तो सातवीत असताना एका मालकाला होडीवर दोन मजली केबिन हवी होती, मिरवायला. मी म्हटलं, उलटेल, मी बांधणार नाही. त्याने मला काढलं, बंदरात इतरांनाही सांगून ठेवलं. वर्षभर हाताला काम नाही. मुलाला मामाकडे ठेवावं लागलं. मालकाने ती होडी दुसऱ्याकडून करून घेतली. ती बुडाली की तरली, मी कधी विचारलं नाही. "तुमच्या हट्टापायी" हे मात्र मुलाच्या तोंडून चाळीस वर्षं ऐकतोय.

बरोबर आलेली नात जहाजाजवळची पाटी वाचत होती. ओरडली, "डॅड, आजोबा इज राइट!"

पाटी इंग्रजीत. मला मराठीत सांगणं मुलाच्याच वाट्याला आलं.

"पहिल्याच दिवशी बुडलं. बंदरातच. आधी वर माणसांना या काठावरून त्या काठावर पळायला लावून बघितलं, तेव्हाच फार डोललं होतं. पण..." तो थांबला. "राजाला सांगायची कोणाची हिंमत झाली नाही."

"परत सांग. ऐकू आलं नाही."

आलं होतं.

त्याने परत सांगितलं. मी म्हटलं, "सुतार म्हणवून घेतात! आणि हे बघायला तिकीट."

 तो नातीला बाजूला घेऊन इंग्रजीत बराच वेळ सांगत राहिला. मला त्यातला एकच शब्द कळला, केबिन. मग ती माझ्याकडे बघायला लागली.

मी जहाजाकडे बघत राहिलो. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.