वास येतो का?

टाकीला कान लावून तो बोटाच्या पेराने दोनदा ठोकायचा आणि म्हणायचा, "रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट. भरलेली नुसती पेटते, रिकामी फुटते."

कल्याणच्या गॅरेजांत तुमचं जाणं-येणं असेल तर तुम्ही त्याला पाहिलं असेल. आम्ही सगळे अंकल म्हणायचो. ठाण्याच्या खाडीकाठच्या गावातला ख्रिस्ती माणूस. जुन्या, दोन सीटांच्या विलायती स्पोर्ट्स गाड्यांच्या पेट्रोल-टाक्या दुरुस्त करायचा. या गाड्या हौसेच्या. महिनोन्महिने सोसायटीत कापडाखाली उभ्या. पेट्रोल आत सडतं, पत्रा आतून गंजतो, गंजाची पूड नळीत अडकते आणि गाडी भर घोडबंदर रोडवर बंद पडते. मालक शिव्या देतो इंजिनाला.

"इंजिन बिचारं उपाशी आहे रे," अंकल म्हणायचा. "पोट बघा, पोट."

टाकीत सायकलची चेन टाकून तो ती दोन टायरांवर पाळण्यासारखी झुलवायचा. चेन आतला गंज खरवडायची. मग सोड्याचं गरम पाणी, मग दोन दिवस ऊन. भोकाला डाख लावण्याआधी, म्हणजे तापल्या लोखंडाने कथील वितळवून ते बुजवण्याआधी, टाकीचं तोंड समोर असेल त्याच्यापुढे धरायचा. "घे, वास घे. येतो का?" गिऱ्हाइकांना तो मान वाटायचा. मलाही वाटला.

मी तेव्हा गॅरेज कामगारांच्या आरोग्यावर पत्रकं काढायचो. गॅरेजमालकाच्या केबिनला एसी, आणि आयुष्यभर पेट्रोलची वाफ ओढणाऱ्या या माणसाला साधा मास्क नाही. संताप येणार नाही तर काय?

एका दुपारी त्याने टाकी माझ्यापुढे धरली. मला सर्दी होती. विचार न करता म्हटलं, "नाही येत." त्याने भट्टीतून डाख लावायचं तापलेलं लोखंड उचललं. तेवढ्यात त्या गाडीचे मालक, डोंबिवलीचे एक निवृत्त बँकवाले, आत आले.

"अहो अंकल, थांबा. पेट्रोलचा भपकारा येतोय."

लोखंड पाण्याच्या बादलीत गेलं. टाकी पुन्हा उन्हात गेली.

ते गेल्यावर तो माझ्याजवळ बसला. "मला वास येत नाही. कित्येक वर्षं झाली. भाकर करपली तरी बायको सांगते तेव्हा कळतं. कुणाला बोलू नको हां. नाक गेलंय कळलं तर टाकी कोण देईल मला?"

मी बोललो नाही. लिहिलं. नाव दिलं नाही, तेवढी अक्कल होती. पण हे काम करणारा तिथे तो एकटाच. मी मागितले होते मास्क आणि उपचार. गॅरेजमालकाने पत्रक वाचलं आणि "उगाच धोका नको" म्हणून त्यालाच काढलं. मास्क आजतागायत आलेले नाहीत.

महिन्याभराने त्याच्या घरी गेलो. अंगणात उन्हात एक टाकी पडली होती. डोंबिवलीचे ते बँकवाले हट्टाने तिथेच घेऊन आले होते. मी माफी मागायला लागलो.

"खोटं काय लिहिलंस? काही नाही," तो म्हणाला. "मला विचारलं नाहीस, एवढंच."

"अंकल, आणखी एक पत्रक काढतो. त्या मालकाला सोडत नाही."

"अरे, बस. चहा पी."

आता तो नाही. मी अजून पत्रकं काढतो, आणि माझा राग कणभरही उतरलेला नाही. फक्त छापण्याआधी कागद ज्याच्याबद्दल आहे त्याच्या हातात देतो.

त्या दिवशी चहा झाल्यावर त्याने टाकी उचलली. मी कप ठेवून उभा राहिलो, हात पुढे केले. तो माझ्या शेजारून गेला आणि ओट्यावर मासळी साफ करत बसलेल्या बायकोपुढे त्याने टाकीचं तोंड धरलं.

"घे गं. येतो का?"

तिने मासळीचं ताट लांब सारलं, हात धुतले, पदराला पुसले आणि ती वाकली. बराच वेळ वाकूनच राहिली.