चुलीवाले वकीलसाहेब

ज्या दिवशी वस्ती पाडली, त्या दिवशी वस्तीत कुणी चूल पेटवली नव्हती. सकाळी गणपत हमाल वारला होता. दुपारी घरं पाडायचं यंत्र आलं. संध्याकाळी वकीलसाहेबांना अटक झाली.

चुलीचं काय, ते आधी सांगायला हवं. आमचं गाव पांढरकवड्याच्या खाली, हैदराबादच्या रस्त्यावर. कापसानं दगा दिला त्या वर्षांत आसपासच्या खेड्यांतली माणसं इथल्या जिनिंगच्या कारखान्यावर रुईच्या गाठी उचलायला आली आणि जिनिंगमागच्या पडीत जागेत राहिली. कापूस पिकवून भागेना म्हणून कापूस वाहू लागली. ती जागा तोवर गावाला दिसलीच नव्हती. माणसं राहायला लागल्यावर दिसली, आणि तिथं व्यापारी संकुल व्हायला हवं असं गावातल्या प्रतिष्ठितांना एकाएकी तळमळीनं वाटू लागलं.

वकीलसाहेब त्या वस्तीचे वकील. त्यांच्या काळ्या कोटावर बारा महिने कापसाचे तंतू चिकटलेले असत. मी वाचनालयात नोकरीला होतो. ते दुपारी येत आणि वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचत. एकदा मी कारण विचारलं. "पहिल्या पानावर सरकार काय करणार हाये ते असते," ते म्हणाले. "मागं जाहीर नोटिशी असतात. काय करून राह्यलं ते तिथं समजते."

कायद्याच्या पुस्तकांत त्यांना जे मिळालं नाही, ते वस्तीत मिळालं. अतिक्रमण हटवणारं पथक पहिल्यांदा आलं तेव्हा वस्तीतल्या शेवंताबाईच्या चुलीवर अंबाडीची भाजी होती. "थांबा न जी, भाजी शिजून राह्यली," ती म्हणाली. पथकातले मजूर इकडच्याच खेड्यांतले. शिजत्या भांड्यावर त्यांचा हात उठेना. पथकप्रमुख घड्याळ बघत थांबले. भाजी उतरली तोवर शेजारणीनं डाळ चढवली, डाळ झाली तशी पलीकडं कुणी कण्या टाकल्या. दिवस कलला. पथक परत गेलं. जाण्याआधी मजूर जेवले आणि भाजीत मीठ बरोबर असल्याचं सांगून गेले.

तेव्हापासून साहेबांनी पाळी लावून दिली. वस्तीत कुणाची ना कुणाची चूल दिवसभर पेटती हवी. "कोर्टाची स्थगिती यायले वेळ लागते. तोपर्यंत अंबाडीची स्थगिती," असं ते म्हणत. बाररूममधल्या मंडळींनी त्यांना चुलीवाले वकील करून टाकलं. "काय साहेब, आज काय शिजलं?" असं कुणी विचारलं की साहेब गंभीरपणे सांगत, "तुमचं संकुल सोडून सगळं."

उत्तर गावाला आवडलं नाही. आधी त्यांना प्रेमानं समजावलं गेलं. मग त्यांच्या घराचा ओटा अतिक्रमणात निघाला. मग त्यांची पदवी खरी आहे का, याची चौकशी लागली. ती खरी निघाल्यामुळं बऱ्याच जणांची निराशा झाली.

मयत घरात असेपर्यंत शेजारपाजारी चूल पेटवत नाहीत. वस्तीत निरनिराळ्या जातींची माणसं होती, पण ही रीत सगळ्यांचीच होती. पथकप्रमुखांच्या घरचीही होती. म्हणूनच त्यांनी गणपत वारला तो दिवस निवडला.

यंत्र आल्याची बातमी कळली तसे साहेब वाचनालयातून धावत निघाले. मीही मागून गेलो. त्यांनी वाटेतल्या तीन विटा उचलल्या आणि यंत्रापुढं चूल मांडली. "शेवंताबाई, पातेलं आण."

"साहेब, शेजारी मयत हाये. आज पेटवता नाही येत."

"तू नको पेटवू. मले लागू दे पाप."

पातेलं आलं. साहेबांनी स्वतःच्या युक्तिवादाचे कागद पेटवले आणि वर चहाचं पाणी ठेवलं.

"वकीलसाहेब, हे घर नाही, रस्ता हाये," पथकप्रमुख म्हणाले.

"घर तर तुम्ही पाडून राह्यले. चूल कुठं मांडू मग?"

चहा उकळण्याआधी पोलीस आले. सरकारी कामात अडथळा आणि सरकारी यंत्राजवळ आग, असे गुन्हे लागले. पुढं जिल्ह्याच्या शांततेला धोका म्हणून त्यांना तडीपार केलं. शांतता तेव्हा जिल्ह्यात भरपूर होती. गावोगावच्या, कर्ता माणूस गेलेल्या घरांत ती येऊन बसली होती. तिला साहेबांपासून धोका आहे, हे आम्हाला आदेश वाचल्यावर समजलं.

पैनगंगेचा पूल ओलांडला की तेव्हा आंध्र लागायचं. पुलाच्या त्या टोकाला चहाच्या टपरीशेजारी साहेबांनी टेबल टाकलं. पक्षकार ट्रकमधून, पायी, जमेल तसे तिकडं जाऊ लागले. मी रविवारी वर्तमानपत्रं घेऊन जाई. "बरं झालं," ते म्हणाले. "पक्षकार हाकललेले, वकीलही हाकललेला. आता बाजू मांडाले सोपं जाते." हसत होते, पण बोलताना नजर पुलाच्या आमच्या टोकाकडं होती.

तिथं बसून त्यांनी सगळा दावा लिहून काढला आणि नागपूरच्या एका वकीलमित्रानं तो उच्च न्यायालयात मांडला. पर्यायी जागा मिळेपर्यंत माणसांना होतं तिथंच राहू द्यावं, असा निकाल झाला. वस्ती पुन्हा उभी राहिली. साहेबांना ती बघता आली नाही. येणाऱ्याला ते एकच विचारत, "चूल पेटून हाये न?"

तडीपारी संपायच्या आतच ते टपरीमागच्या खोलीत वारले. आम्ही त्यांना घेऊन निघालो तर पुलावर हवालदारानं अडवलं. आदेश मयताला लागू आहे का, हे त्यानं फोनवर वरिष्ठांना विचारलं. वरिष्ठांनी प्रश्न लेखी पाठवायला सांगितलं.

शेवंताबाई पुढं झाली. "काहून जी हवालदारभाऊ, हे आता कायची शांतता मोडतीन? यायच्याहून शांत कोणी हाये का जिल्ह्यात?"

हवालदारानं टोपी काढली आणि बाजूला झाला.

साहेबांना वस्तीत ठेवलं. मग शेवंताबाई आत गेली आणि तिनं चूल पेटवली. शेजारणीनं पेटवली. होता होता सगळ्या वस्तीतून धूर निघू लागला. कुणी काही शिजवलं नाही. पातेल्यांत नुसतं पाणी होतं, आणि आम्ही स्मशानातून परत येईपर्यंत ते उकळत होतं.

वस्ती अजून तिथंच आहे. संकुल झालेलं नाही. वस्तीत कुणी वारलं तर एक चूल पेटती ठेवतात. तिच्यावर पाणी असतं.