उघडलेले दोन माऊस

गेल्या मार्चमध्ये, बदलीचे अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी, माझ्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी जेवणाच्या टेबलावर दोन माऊस उघडले. एक त्यांचा होता, बिघडलेला. दुसरा माझा होता, चांगला.

"उघडून बघू," एवढंच ते म्हणाले. ते नेहमी हेच म्हणत.

ते मूळचे नाशिकचे. चंडीगडला केंद्र सरकारच्या एका खात्यात मोजमापाची उपकरणं दुरुस्त करायचे. खात्यात त्यांच्याबद्दल तक्रार नव्हती, जिन्यात होती. जानेवारीच्या थंडीत त्यांनी माझा गीझर उघडला आणि मला गार पाण्यानं आंघोळ करावी लागली. जिन्यातली बेल त्यांनी उघडली, तेव्हापासून ती दाबल्यावर वाजत नसे, सोडल्यावर वाजे. समोरच्या पंजाबी आंटी त्यांना दारातच अडवत. "भाईसाब, चाय पियो, पर मेरी मिक्सी की तरफ देखना भी नहीं." तुमच्याही इमारतीत असं कुणी असेल, तर पुढचं सांगायची फारशी गरज नाही.

त्यांचा माऊस एकदा दाबला की दोनदा दाबल्यासारखा चाले. ते तो उघडत, समईची वात स्पिरिटमध्ये बुडवून आतून पुसत आणि पुन्हा बंद करत. एखादा दिवस बरा जाई.

"नवा घ्या," मी म्हणालो. "सेक्टर बावीसमध्ये ढिगानं मिळतात."

"दोष काय आहे ते कळल्याशिवाय? घरातलं माणूस आजारी पडलं तर आपण नवं आणतो का, बातमीदार?"

मी वर्तमानपत्रात आहे म्हणून ते मला बातमीदार म्हणत.

घरातलं माणूस नाशिकला होतं. त्यांच्या पत्नी तिथल्या शाळेत शिकवत आणि नोकरी सोडून इकडे येणं त्यांना शक्य नव्हतं. बदलीचा आधीचा अर्ज नामंजूर झाला होता. यंदा अर्ज गेला नाही, तर निवृत्तीपर्यंत इथंच, असं त्यांना कार्यालयात सांगण्यात आलं होतं.

अर्ज ऑनलाइन होता आणि मोबाईलवर उघडत नव्हता. त्यात 'पुढे' असं बटण होतं. त्यांच्या माऊसनं ते एकदा दाबलं की दोन पानं पुढे जात. मधलं पान बदलीचं ठिकाण निवडण्याचं होतं. मागे आलं की सगळा अर्ज कोरा होई.

मी त्यांना खाली येऊन माझ्या कॉम्प्युटरवर अर्ज भरायला सांगितलं. "स्वतःचं यंत्र असताना दुसऱ्याचं कशाला?" असं ते म्हणाले, म्हणून मी माझा माऊस घेऊन वर गेलो. चहाचे कप ठेवायला स्वयंपाकघरात जाऊन परत आलो, तेवढ्यात तोही उघडलेला होता.

"चांगला शेजारी ठेवल्याशिवाय वाइटातला दोष दिसत नाही," ते म्हणाले.

"तुमचं पोर्टल पाचला बंद होतंय."

"दोष दिसतोय हो. बघा, या स्विचमधली पट्टी."

लोणच्याच्या बरणीला टेकवलेल्या मोबाईलवर त्यांच्या पत्नी होत्या. "भाऊजी, यांनी काय उघडलंय?" त्यांनी मला विचारलं.

"दोन्ही, वहिनी."

"अहो, तो कुकरही तुम्ही असाच उघडला होता. मी मुलांचे पेपर तपासायचे सोडून बसलेय इथे. हे बघा, तुमचं कपाट मी रिकामं करून ठेवलंय. परत माझ्या साड्या भरू का त्यात?"

चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी माझ्या माऊसमधला स्विच काढला आणि आपल्या माऊसमध्ये सोल्डरिंगचा डाख देऊन बसवला. डाख देताना एरवी ते आपण काय करतोय ते सांगत असत. त्या दिवशी मधूनमधून फक्त घड्याळाकडे बघत होते. आंटी दारातून डोकावल्या आणि परत गेल्या.

त्यांनी माऊस जोडला, 'पुढे' दाबलं. एकच पान पुढे गेलं. त्यांनी नाशिक निवडलं, पुन्हा दाबलं. शेवटच्या पानावर त्यांचा हात थांबला.

"दाबा," मी म्हणालो.

"गेला का हो?" मोबाईलमधून आवाज आला.

"गेला," ते म्हणाले. "एकदाच गेला."

मग त्यांनी आपल्या माऊसमधला स्विच माझ्या माऊसमध्ये बसवला, स्क्रू आवळले आणि तो माझ्या हातात दिला. "हा चालवा तोवर. नंतर उघडून बघू."

बदलीचा आदेश मे महिन्यात आला. जूनमध्ये त्यांनी घर सोडलं. जाताना आंटींनी त्यांना पिन्नीच्या लाडवांचा डबा दिला आणि मिक्सीचं झाकण घट्ट बसत नाही, बघाल का, असं विचारलं. पण सामानाचा ट्रक सुरू झाला होता.

मध्यंतरी मी त्यांना फोन केला आणि सांगितलं, की माऊसचं काही तरी करावं लागेल, मी तो उघडतो.

"उघडू नका," ते म्हणाले. "मी आलो की बघतो."

ते अजून आलेले नाहीत. वरच्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं. आज हा मजकूर लिहायला बसलो तेव्हा नवी फाईल घेण्यासाठी बटण एकदा दाबलं. दोन फायली उघडल्या.