मधली पट्टी

सेंट्रिंगच्या कामावर त्याला सगळे ओळंबा म्हणत. माणूस होताही तसाच: सरळ, गप्प आणि एकटाच लोंबकळणारा.

स्लॅबखाली लाकडी टेकू उभे करायचे, यात त्याचा जन्म गेला. उंच, बारीक टेकू भाराखाली चिरडत नाही. तो आधी मधोमध पोट काढतो आणि मग काडकन जातो. उपाय साधा आहे. अर्ध्या उंचीवर आडवी पट्टी ठोकून त्याला शेजारच्या टेकूंशी बांधलं, की तोच टेकू चौपट भार हसत पेलतो. ही पट्टी त्याची बायको ठोकायची. हा टेकू उभा करून पुढे सरकायचा, ती मागून खिळे ठोकत यायची. तीस वर्षांत त्याने कधी मागे वळून पाहिलं नाही. हातोडीचा आवाज यायचा, तेवढा त्याला पुरे होता.

ती जाऊन वर्ष झालं. घरात आता एक ताट, एक पेला आणि बोलायला भिंती. दर रविवारी लेक फोनवर म्हणायची, "बाबा, इकडे या ना राहायला." हा गुरकावायचा, "मला काय धाड भरलीय? चांगला ताठ उभा आहे."

त्या दिवशी वर आठ माणसं काँक्रीट ओतत होती आणि टेकूंवर नजर ठेवायला खाली हा एकटा होता. कोपऱ्यातल्या टेकूकडे त्याचं लक्ष गेलं. टेकूने पोट काढलं होतं. मधली पट्टीच नव्हती. ती गेल्यापासून पट्टी ठोकायला मागे कोणी ना कोणी मजूर असायचा; काल हा कोपरा मात्र त्याने एकट्याने केला होता आणि टेकू उभा करून सवयीने पुढे सरकला होता. मागून ती येतेच आहे, असं धरून.

त्याने फुगलेल्या बाजूने खांदा लावला. घसा फोडून हाका मारल्या, पण मिक्सरच्या घरघरीत त्या कुठल्या पोहोचणार! पट्टी आणायला जावं तर टेकू सुटणार आणि वरची माणसं खाली येणार. अर्धा तास तो तसाच उभा राहिला. तिच्या आठवणीने घळाघळा रडला. बघायला कोणी नव्हतं, तेवढं एक बरं झालं.

मिक्सर थांबला तेव्हा कुठे त्याची हाक वर गेली. मुकादम धावत आला.

"ओळंबाकाका, टेकूला मिठी मारून काय उभे राहिलात?"

"आधी पट्टी ठोक. थट्टा मग कर."

चार खिळ्यांत काम झालं. त्याच्या खांद्यावरचा लालभडक वळ बघून मुकादम चपापला. "अर्धा तास एवढा भार पेललात?"

"भार टेकूच घेतो रे. बाजूने जोर थोडासाच लागतो. फक्त सोडून जाता येत नाही."

संध्याकाळी त्याने लेकीला फोन लावला. रविवार नव्हता, त्यामुळे ती घाबरली. "बाबा, काय झालं?"

"काही नाही गं." त्याने दुखरा खांदा चोळला. "तुझ्याकडे माझी खाट मावेल का?"

"वर्षभर टाकून ठेवलीय, बाबा," लेक म्हणाली.