पहिल्या पानावरची सही

पाध्ये हातात पडलेला कुठलाही कागद आधी उलटा करून पाहत. मंडळाच्या गणेशोत्सवाच्या पत्रिकेत अध्यक्षांचं नाव गणपतीपेक्षा मोठं छापलं होतं. आम्ही हसत होतो, पाध्ये मागच्या बाजूला छापखाना शोधत होते. "पुढची बाजू स्वतःच बोलते. मागचीला विचारावं लागतं," असं त्यांचं म्हणणं.

ऑकलंडच्या ईस्ट टामाकीतल्या कारखान्यात ते सुटे भाग तपासत. तरुणपणी पुण्याच्या कंपनीने त्यांना चेक देशातली यंत्रं शिकायला वर्षभर तिकडे पाठवलं होतं. यंत्रं भंगारात गेली, भाषा राहिली. बायको गेल्यावर ते त्या भाषेत जुन्या संगीताची कागदपत्रं वाचू लागले. ऑकलंडमध्ये हा छंद असलेला मराठी माणूस माझ्या माहितीत एकच होता, आणि तो माउंट वेलिंग्टनला माझ्या शेजारी राहत होता.

२०१३ साली न्यू लिनच्या हानाबाईंनी त्यांना शोधून काढलं. बाई ऐंशीच्या घरातल्या. त्यांचे वडील विलेम युद्धाच्या तोंडावर प्राग सोडून एका ट्रंकेनिशी इथे आले आणि आयुष्यभर मुलांना व्हायोलिन शिकवत राहिले. ट्रंकेत चार वाद्यांसाठी लिहिलेल्या एका रचनेची हस्तलिखित प्रत होती. एक स्थानिक समिती ती वाजवणार होती आणि सभागृहात वडिलांच्या नावाची पितळी पाटी लावणार होती. फक्त रचना विलेमचीच असल्याचं जाणकाराचं पत्र हवं होतं.

पाध्यांचे डोळे अधू झालेले, म्हणून गाडी मी चालवली. हानाबाईंनी आलुबुखार भरलेले उकडलेले गोळे वाढले. पाध्यांनी पहिल्या पानावरची सही विलेमच्या पासपोर्टशी ताडून पाहिली आणि पत्र लिहून दिलं. मग दर शनिवारी जाणं सुरू झालं. बायको गेल्यानंतर मी त्यांना हसताना पाहिलं ते त्याच स्वयंपाकघरात.

वादकांसाठी नकला करायच्या म्हणून त्यांनी आतल्या पानांसह सगळी प्रत आणि विलेमच्या शिकवणीच्या वह्या घरी आणल्या. दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. सहीची शाई वेगळी होती, सुरांची वेगळी. वह्यांतलं विलेमचं वळण इथे कुठेच नव्हतं.

"सोहोनी, मी पहिला नग पाहून अख्खा लॉट पास केला," ते म्हणाले. "कारखान्यात यासाठी मी माणसं घरी बसवली आहेत."

त्यांनी विलेम शिकले त्या प्रागच्या संगीतशाळेच्या अभिलेखागाराला लिहिलं. तिकडून मेल आला की ते हात धुऊन येत, मगच उघडत. पहिल्या मेलमध्ये विलेमचे विषय होते, त्यांत रचनाशास्त्र नव्हतं. दुसऱ्यात रचनाशास्त्राच्या विद्यार्थ्यांची यादी होती. तिसऱ्यात त्याच यादीतल्या एमिल नावाच्या मुलाची परीक्षेची वही आली. अक्षर हेच. खाली कारकुनाने लिहिलं होतं की युद्धात त्याची छळछावणीत रवानगी झाली.

"पुढची नोंद?" मी विचारलं.

"नाही. नसणं हीच नोंद समजायची."

"मित्राकडे जपायला दिली असेल हो."

"असेल. मग जपणाऱ्याने सही कशाला केली?"

समितीच्या अध्यक्षांना कोटावर बिल्ले लावायची हौस होती. ते म्हणाले, "पाटी कोरून झाली आहे, मेट. आता कोण विचारायला येतंय?"

"कुणीच नाही. सगळे संपवले," पाध्ये म्हणाले आणि त्यांनी आपलं पत्र मागे घेतलं.

शनिवारी त्यांनी हानाबाईंना सगळं सांगितलं. बाईंनी चमचा खाली ठेवला.

"बाबा यातला व्हायोलिनचा भाग खिडक्या लावून वाजवायचे. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणायचे. आमच्या शेजारी गाई होत्या." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "त्याचं नाव काय म्हणालात?"

"एमिल."

"पुन्हा सांगा."

पाध्यांनी पुन्हा सांगितलं. बाईंनी अर्धवट भरलेल्या बश्या उचलल्या. "पुढच्या शनिवारी येऊ नका," त्या म्हणाल्या.

पत्राशिवाय जुनी पाटी लावता येईना, शेवटी कार्यक्रम एमिलच्या नावाने झाला. हा शोध समितीच्या अथक संशोधनाचं फळ असल्याचं अध्यक्षांनी भाषणात सांगितलं. हानाबाई आल्या नाहीत.

वर्षभराने पाध्ये कायमचे पुण्याला गेले, आणि पुढे तिथेच वारले. विमानतळावर सोडताना मी म्हणालो, "तुम्ही केलंत ते बरोबर होतं."

"होतं ना," ते म्हणाले. "रविवार ते शुक्रवार मलाही पटतं."